माझ्याच जागेची जाहिरात

एल्म क्रीक, विस्कॉन्सिन
२८ एप्रिल २०२४

अत्तय्यागारू,

पायांवर डोकं ठेवते. तुमच्या लेकाचंही ठेवलं असतं, पण तो गॅरेजमध्ये सायकल उलटी करून बसलाय आणि 'आईला माझं काही लिहू नकोस' असं तिथूनच ओरडतोय. तेव्हा त्याचं काही लिहिलेलं नाही असं समजा.

तुमचं पत्र मिळालं. 'फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहिते' हे वाक्य याही खेपेला पहिल्याच ओळीत आहे. शेषूने पाठवलेलं कानातलं यंत्र तुमच्या कपाटात साड्यांखाली पडून आहे आणि त्याचा डबासुद्धा उघडलेला नाही, हे मला समोरच्या सुब्बलक्ष्मीने केव्हाच सांगितलंय. मुलावर रुसून बहिरी झालेली सासू मी पहिल्यांदाच बघतेय. वडिलांच्या, म्हणजे मामय्यांच्या, वर्षश्राद्धाला तो आला नाही, हे खरं. त्याच्या आधी आला होता तेव्हा व्हिसाच्या शिक्क्यासाठी दोन महिने तिकडे अडकला, म्हणून पुन्हा यायला घाबरला, हेही खरं. ते दोन महिने तुमचे किती मजेत गेले, तेही मला ठाऊक आहे. पण माझी मैत्री दोघांशी आहे, आणि तुमचे निरोप इकडून तिकडे वाहून मी आता दमले.

असो. आज एक गंमत पाठवते. सोबतचं कात्रण आमच्या गावच्या रविवारच्या पेपरातलं आहे. तुम्ही आयुष्यभर शाळेत शिकवलंत, इंग्रजी तुम्हाला माझ्याहून चांगलं येतं, तेव्हा वाचा. 'लोणच्याच्या कारखान्यात अन्नशास्त्रज्ञ पाहिजे. पदवी हवी, आंबवण्याच्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव हवा, खाऱ्या पाण्याची पारख हवी.' ही माझी जागा! माझ्याच कामाची जाहिरात, माझ्याच गावच्या पेपरात. वाचताना वाटलं, आता 'डाव्या गालावर तीळ हवा' एवढंच लिहायचं राहिलंय.

कँटीनमध्ये फ्रिजशेजारीही असाच एक कागद लागलाय, तोही पगारासकट. ऑफिस सांभाळणाऱ्या डार्लीनला वाटलं, मी चालले. तिने निरोपाचा केक करून आणला. "हेमा, तुला काढतायत का गं?" म्हणून तिचे डोळे भरून आले. मी म्हटलं, "काढत नाहीत, ठेवतायत." ती म्हणाली, "मग केक कशाला फुकट घालवायचा?" आणि आम्ही तो दुपारीच संपवला.

जाहिरात का दिली, ते विचारू नका. कंपन्यांच्या भानगडी असतात.

बाजारात कैऱ्या आल्या का? मागच्या पत्रात तुम्ही विचारलं होतंत, 'काकडी मिठाच्या पाण्यात बुडवायची, एवढ्याला माणसं पगार देतात?' ते मी आमच्या वॉइचिक साहेबांना वाचून दाखवलं. त्यांच्या आजोबांनी हा कारखाना काढला. ते पोट धरून हसले आणि म्हणाले, "तुझ्या सासूबाईंना नोकरी हवी असेल तर सांग." यंदाची कैरीची आवकाय घातलीत की एक बरणी आमच्या नावाने बाजूला ठेवा.

तुमची,
हैमवती

५ जून २०२४

अत्तय्या,

मानाचं 'गारू' शेवटी लावते. आधी भांडते.

तुमचं पत्र मी पत्रपेटीपाशीच उभी राहून वाचलं. 'जागा निघाल्याचं कळवलंस, फार बरं केलंस. सुब्बलक्ष्मीकडून कात्रणाचा फोटो काढवून मिशिगनला धाकट्या बहिणीला लगेच पाठवला. तिचा चरण मार्चपासून घरी बसलाय. घरातली जागा बाहेर कशाला जाऊ द्यायची?'

शेजारचे आजोबा गवत कापत होते. माझा चेहरा बघून त्यांनी यंत्र बंद केलं. "घरी सगळे बरे आहेत ना?" मी म्हटलं, "फारच बरे आहेत."

आता सगळं सांगते. शेषूने बजावलं होतं, 'आईला व्हिसाचं अक्षर लिहू नकोस, ती लगेच देवळात जाऊन नवस बोलेल आणि तो आपल्या बाजूचा नसेल.' म्हणून मी गप्प होते. पण गप्प बसून काय झालं ते बघितलंत.

परदेशी माणसाला कायमचं ठेवून घ्यायचं असेल, तर कंपनीला आधी गावभर विचारावं लागतं, की हे काम करणारा इथला कुणी मिळतो का? त्यासाठी ती जाहिरात आणि कँटीनमधला तो कागद. कुणी मिळाला नाही, तरच अर्ज पुढे जातो. त्याला इथे सगळे नुसतं 'लेबर' म्हणतात. आणि लायक माणूस मिळाला, इथल्या नागरिकांपैकी, तर माझा अर्ज संपला. चरण इथेच जन्मला. चरणने अन्नशास्त्राची पदवी घेतली. चरण तीन वर्षं आंबवलेल्या चहाच्या कारखान्यात होता, तो मार्चमध्ये बंद पडला. अत्तय्या, अख्ख्या अमेरिकेत माझ्या जागेवर बसू शकेल असा एक मुलगा होता आणि तुम्ही तो शोधून काढलात!

एवढ्यावर भागत नाही. या व्हिसावर सहाच वर्षं राहता येतं, माझी पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात संपतात. आणि लेबरचा अर्ज त्याच्या वर्षभर आधी, म्हणजे या ऑक्टोबरच्या आत सरकारदरबारी पोचायला हवा, तरच पुढे राहू देतात. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं म्हटलं तर 'या कामाला पगार किती योग्य' एवढंच सांगायला सरकार सहा-सात महिने घेतं. म्हणजे चरणला जागा मिळाली, तर संपलं.

अर्ज गेला तरी त्यावर कुणाची नजर पडायला सव्वा-दीड वर्ष. आत्ता अमुक महिन्याचे अर्ज उघडतोय, असं सरकार वेबसाइटवर लिहितं. आमच्याकडे तेलुगू मंडळी शनिवारी जमली की 'बरे आहात ना?' कुणी विचारत नाही. 'कुठला महिना चाललाय?' विचारतात. महिना पुढे सरकला की त्या शनिवारी जेवणात पुरणाचे बोब्बट्लू, नाही सरकला की साधा वरण-भात. गेल्या हिवाळ्यात आम्ही बहुतेक वरण-भातच खाल्ला.

आणि आता लपवण्यात काय अर्थ आहे? घरात स्वयंपाक तुमचा मुलगा करतो. पूल बांधणारा इंजिनियर माझ्या व्हिसावर आलाय, त्याला इथे पगार घेऊन काम करता येत नाही. तो सकाळी मुगाचे पेसरट्टू करतो, माझ्यापेक्षा चांगले, आणि दुपारी वाचनालयात पोरांना फुकट गणित शिकवतो, अगदी तुमच्यासारखा खडू आपटून. लेबर मिळालं आणि पुढचा एक कागद झाला की त्याला कामाचा परवाना मिळेल. मी स्वतःपेक्षा त्याच्यासाठी थांबलेय.

मी त्याची वहिनी, तुम्ही मोठी मावशी, तेव्हा चरणने कालच हक्काने फोन केला. "वदिना, पेद्दम्माने सांगितलं, तुझ्याकडे जागा आहे. मी अर्ज केला! वीस तारखेला मुलाखत. एकोणीसला तुझ्याकडे राहायला येतो." त्याला काहीच माहीत नाही. मी शिकागोच्या वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "त्याला काही सांगायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, हो नाही, नाही नाही. तुम्ही त्या जागेच्या आसपाससुद्धा नाही." मी म्हटलं, "तो माझ्या घरी झोपणार आहे." फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "अंथरूण द्या. बाकी काही देऊ नका."

शेषू म्हणतो, आईने मुद्दाम केलं. मी म्हटलं, अत्तय्या असं करणार नाहीत. पण खरं सांगते, एक दिवस माझ्याही मनात ते आलं, आणि मला माझीच लाज वाटली. तुमचं काकिनाडा मला आवडतं. परत येणं ही काही शिक्षा नव्हे. पण हाकलून दिल्यासारखं नको यायला.

तुम्हाला मात्र काही करायची गरज नाही. नुसतं गप्प बसलात, की पुढच्या दसऱ्याला आम्ही बॅगा घेऊन तुमच्या दारात.

गारू. लावलं शेवटी.

हैमवती

२३ जून २०२४

अत्तय्यागारू,

माझं मागचं पत्र एव्हाना मिळालं असेल. जरा जास्तच लिहिलं. फाडून टाका, नाहीतर इस्त्रीच्या कपड्यांखाली घाला.

चरण येऊन गेला. बुधवारी संध्याकाळी आला. सहा फूट उंच, आणि तेलुगू अजून पाच वर्षांच्या पोरासारखं. सगळ्यांना अरे-तुरे करतो. जेवायला बसलो आणि त्याने सुरुवात केली.

"वदिना, तुझ्या कारखान्यात काम कसं असतं?"

मला वकीलबाई दिसायला लागल्या. "मीठ असतं," मी म्हणाले.

"आणि माणसं?"

"असतात."

"मला आवडेल का?"

"भात घे," मी म्हणाले.

शेषूला राहवेना. "थंडी फार असते रे," त्याने सुरू केलं. मी टेबलाखालून लाथ मारली, ती चरणला लागली. तो दचकला. मी म्हटलं, पाय घसरला. "अन्नय्या, मी मिशिगनचा आहे," तो गुडघा चोळत म्हणाला, "मला थंडीचं काय सांगतोस!" मग शेषू जो सायकल दुरुस्त करायला गेला, तो पानही न उचलता गेला. ती सायकल आता इतकी दुरुस्त झालीय की चालवता येत नाही.

वाईट वाटत होतं ते वेगळंच. मुलगा चांगला आहे हो. चार महिने घरी बसून बसून त्याचा आवाज खाली गेलाय. त्याने बूट पॉलिश करून दारात नीट मांडून ठेवले होते. ते बघितल्यावर मला त्याच्यावर रागावतासुद्धा येईना. सकाळी मी त्याला डबा करून दिला. वकीलबाईंनी डब्याबद्दल काही म्हटलं नव्हतं.

आमच्या कारखान्यात मुलाखतीची एक जुनी पद्धत आहे. वॉइचिक साहेब पाच बरण्या मांडतात, एकीवरही चिठ्ठी नसते. चवीवरून सांगायचं, यातली कुठली एक दिवस लवकर काढलीय. मी आले तेव्हा मला तिसऱ्या घोटाला कळलं होतं आणि त्यावर मी पाच वर्षं मिरवतेय. चरणने वासावर सांगितलं. वर म्हणाला, "हे पिंपाच्या तळचं पाणी आहे."

वॉइचिक साहेब बाहेर आले ते लॉटरी लागलेल्या आणि त्याच वेळी खिसा कापलेल्या माणसासारखे. मुलाखतीबद्दल माझ्याशी बोलायची त्यांनाही बंदी. छताकडे बघत म्हणाले, "हेमा, हवा काय छान आहे आज!" बाहेर वादळाचा भोंगा वाजत होता.

मी समजायचं ते समजले. घरी येऊन शेषूला सांगितलं. तो फक्त म्हणाला, "बरं. मग आईकडे जायचं." आणि तांदूळ धुवायला लागला. पाच वेळा धुतले.

शुक्रवारी सकाळी उठले तर चरण मागच्या अंगणात फोन कानाला लावून फेऱ्या मारत होता, चांगला मोठमोठ्याने बोलत होता. मला वाटलं, मैत्रीण असावी, भांडण चाललं असावं. आत आला, दोन पेसरट्टू खाल्ले, आणि म्हणाला, "मी वॉइचिक साहेबांना आत्ताच लिहून टाकलं. मला ती नोकरी नको."

मी उलथनं ओट्यावर ठेवलं.

"काल कँटीनमधला कागद वाचला, वदिना. ती तुझी जागा आहे. सांगितलं का नाहीस?"

"बोलायची बंदी होती."

"मग आताही बोलू नकोस. अजून एक वाढ."

मी त्याला वाढलं आणि फ्रिजचं दार उघडून त्यामागे उभी राहून रडले. थंडगार हवेत रडायला बरं वाटतं, करून बघा. शेषूने त्याला मिठी मारली, सोडेचना. शेवटी चरण म्हणाला, "अन्नय्या, डोसा जळतोय."

ही सगळी तुमच्या बहिणीची पुण्याई. माझा राग गेला, हे कळावं म्हणून लगेच लिहिलं.

हैमवती

६ ऑक्टोबर २०२४

अत्तय्यागारू,

अर्ज गेला! ऑक्टोबर उजाडायच्या आत गेला. वकीलबाईंचा निरोप आला तेव्हा मी पिंपावर वाकले होते, नाकात खारं पाणी गेलं.

तुमचं पत्र वाचून मात्र हसावं की रडावं कळेना. 'तुझं जूनचं पत्र ऑगस्टात पोचलं, आमचा पोस्टमन तापाने पडला होता. त्यात काय लिहिलंयस ते नीटसं कळलंही नाही, शाई पसरली होती.' अत्तय्या, मी बॉलपेनने लिहिते. मी एवढी भांडले, आणि ते तुमच्यापर्यंत पोचलंच नाही म्हणायचं! बरंच झालं म्हणा.

चरणचं तुम्ही लिहिलंत ते खरं का? 'उगाच मिशिगनात बसण्यापेक्षा माझ्याकडे ये, तुला खरं लोणचं शिकवते' असं तुम्ही त्याला कळवलंत, आणि तो येतोय? मी शेषूला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "त्याच्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट, तो काकिनाड्याला निघाला. माझ्याकडे भारताचा, मी इथे अडकलो. कुणीतरी आमच्या बॅगा बदलल्या." आणि मग जरा वेळाने, मला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, "आई त्याला माझ्या खोलीत ठेवणार का?"

तेवढं कळवा. मी विचारलं असं लिहू नका.

हैमवती

१८ मे २०२५

अत्तय्यागारू,

चरणचे फोटो मिळाले. लुंगी सोडून पळतोय तो फोटो आम्ही फ्रिजवर लावलाय. कैऱ्या फोडणाऱ्या बाईला तो प्रत्येक फोडीला थँक्यू म्हणतो आणि ती म्हणते, 'बाबा, गप्प बस, माझा हात कापेल,' हे मी कँटीनमध्ये सांगितलं. डार्लीन अजून हसतेय.

तुम्ही लिहिता, तिसऱ्या दिवशी बरणी उघडून खालीवर करायची असते, तर हा पठ्ठ्या पहिल्याच दिवशी तीनदा उघडून बघतो. त्याला म्हणावं, तू वदिनाकडे ये, वाट बघायला शिकवते. इथे महिना अजून मागच्या वर्षाच्या सुरुवातीलाच घुटमळतोय. कधी एका महिन्यात अर्धाच महिना पुढे सरकतो. शेषूने भिंतीवर लावलेलं कॅलेंडर मी काढून टाकलं, तर दुसऱ्या दिवशी पोरांच्या गणिताच्या फळ्यावर त्याने हाच हिशेब उदाहरण म्हणून घातला. एका मुलीने उत्तर काढलं, 'काकांना दाढी पांढरी होईपर्यंत.' त्याने तिला पूर्ण गुण दिले.

पण अत्तय्या, बरं चाललंय. बागेत गोंगुऱ्याची आंबट भाजी उगवलीय. शनिवारी माणसं जमतात. वाट बघतानासुद्धा जेवायला चवीचंच लागतं.

शेषूच्या खाटेवर चरण झोपतो, हे मी अजून सांगितलेलं नाही. तो रोज विचारतो.

हैमवती

८ फेब्रुवारी २०२६

अत्तय्यागारू,

लेबर मिळालं.

मंगळवारी दुपारी कळलं. वॉइचिक साहेबांनी भोंगा वाजवून अख्खा कारखाना थांबवला, आणि डार्लीनने केक आणला. "हा मागच्या वेळचाच," ती म्हणाली, "फक्त या वेळी त्यावर निरोप लिहिलेला नाही." पुढचा कागद महिन्याभरात होईल, मग शेषूला कामाचा परवाना. ग्रीन कार्डाची रांग त्याच्यापुढे सुरू होते, ती किती लांब आहे ते विचारू नका. वकीलबाईंनी वर्षं सांगितली तेव्हा शेषू हसत सुटला. पण आता कुणी आम्हाला जा म्हणणार नाही. रांगेत उभं राहायचं ते आपल्या घरात, आपल्या खुर्चीवर बसून.

हे पत्र मात्र त्यासाठी लिहीत नाही.

केक खाताना मी डार्लीनला म्हटलं, "कँटीनमधला तो कागद मला दे ना. चरणने वाचला तो. मी चौकट करून घरात लावणार आहे."

ती म्हणाली, "तो? तो कधीचाच काढला. दोनच आठवडे लावायचा होता. मे महिन्यातच काढून तिथे शुक्रवारच्या माशांच्या जेवणाचा कागद लावला."

"पण चरण जूनमध्ये आला होता."

"जूनमध्ये तिथे मासेच होते, हनी."

काल चरण आला होता, मिशिगनहून, तुमच्या पद्धतीच्या आवकायच्या बरण्या गाडीत भरून. वॉइचिक साहेबांनी त्याला कारखान्याचा एक कोपरा वापरायला दिलाय, हे त्याने तुम्हाला कळवलंच असेल. मी त्याला ताटावर बसवलं आणि विचारलं, "माशांच्या कागदावर माझं नाव कुठे लिहिलं होतं रे?"

आधी त्याने आठवत नाही म्हणून बघितलं. मग म्हणाला, "पेद्दम्माने शपथ घातलीय."

"अमेरिकेत शपथ चालत नाही," शेषू म्हणाला. "बोल."

आणि तो बोलला. त्या शुक्रवारी सकाळी अंगणात तो तुमच्याशी बोलत होता. माझं पत्र तुम्हाला आदल्या दिवशीच मिळालं होतं, पोस्टमन ठणठणीत होता. शाई कुठेही पसरली नव्हती. तुम्ही साड्यांखालून डबा काढलात, सुब्बलक्ष्मीला बोलावून यंत्र कानात घालून घेतलंत, आणि फोन लावलात.

"पेद्दम्मा म्हणाली," चरण सांगत होता, "चरण, मी यंत्र घातलंय, ओरडू नकोस. ती जागा तुझ्या वदिनाची आहे. मला माहीत नव्हतं, चूक माझी. तू घेतलीस तरी मी तुला बोल लावणार नाही, तुलाही पोट आहे. पण आधी हे ऐक आणि मग ठरव."

"आणि तू ओरडत का होतास?"

"तिने यंत्र उलटं घातलं होतं."

शेषू हसला नाही. चरणने त्याच्याकडे बघितलं आणि पुढचं हळू सांगितलं. "मी तिला विचारलं, पण मी ही जागा घेतली तर अन्नय्या तुझ्याकडे परत येईल ना? तुला तेच हवंय ना? तर म्हणाली, 'मुलगा हवाय. हाकलून दिलेला मुलगा नकोय. यायचा तेव्हा हौसेने येऊ दे. आणि हे त्याला सांगायचं नाही. मी अजून रुसलेय.'"

अत्तय्या, मी तुम्हाला लिहिलं होतं की नुसतं गप्प बसा. तुमच्याकडून एवढंच होणार नव्हतं. वकीलबाईंनी मला तोंड उघडायची बंदी केली होती, काकिनाड्याला कुणी केली नव्हती. आणि मी, जिच्या मनात एक दिवस भलतंच आलं होतं, ती फ्रिजमागे उभी राहून चरणचे आभार मानत होते. आता तुमचे कुठे उभी राहून मानू? मला तुमची फार आठवण येते. हे मी सहा वर्षांत कधी लिहिलं नव्हतं, घ्या, लिहिलं.

शेषू ताटावरून उठला. मला वाटलं, गॅरेजमध्ये जाणार. पण तो हात धुऊन तिथेच उभा राहिला, आणि एवढंच म्हणाला, "आई यंत्र घालते?"

"माझ्याशी रोज बोलायची तिथे," चरण म्हणाला. "बाजारात भाव करताना तर नक्कीच घालते."

आज सकाळी शेषूने मे महिन्याचं तिकीट काढलं. कैऱ्यांच्या दिवसांत. मी विचारलं, शिक्क्यासाठी पुन्हा अडकलास तर? म्हणाला, "तर अडकलो." वकीलबाईंनी कपाळावर हात मारला असेल, पण फोनवर ते दिसत नाही. तुम्ही मात्र व्हिसाच्या तारखेसाठी देवळात काही बोलू नका. दोन महिने ठेवून घ्या, चालेल. जास्त नको, मलाही पेसरट्टू लागतात.

त्याला हे स्वतः तुम्हाला सांगायचंय. माझं पत्र पोचेल त्यानंतरच्या रविवारी, तुमच्या संध्याकाळच्या दिव्याच्या वेळी, तो फोन करेल. यंत्र घालून बसा, या वेळी सुलटं. पण घातलंय हे त्याला कळू देऊ नका. पहिल्या एक-दोन वेळा 'काय? ऐकू नाही आलं' म्हणा. म्हणजे 'आई, मी येतोय' हे त्याला पुन्हापुन्हा म्हणावं लागेल.

तुमची,
हैमवती